टर्बोचा भुर्दंड आणि दुरुस्तीचा हक्क

जून २०१० मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलच्या किमतीवरील नियंत्रण उठवले. डिझेलवरचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत कमीअधिक प्रमाणात चालू ठेवले. शेतकरी, मालमोटारी आणि एस. टी. यांच्यासाठी स्वस्त ठेवलेल्या या इंधनाचा खरा लाभ कोणी उठवला, याची त्या काळात पुष्कळ चर्चा झाली. झाले ते असे की, दोन इंधनांच्या दरांत मोठी तफावत पडताच मोटार घेऊ इच्छिणारा मध्यमवर्ग डिझेलकडे वळला आणि विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी जवळजवळ निम्म्या डिझेलच्या, अशी स्थिती थोडक्याच काळात आली. पुढे डिझेलही नियंत्रणमुक्त झाले, दरांतील अंतर घटले, एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि देशातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने डिझेल मोटारींची विक्रीच बंद केली. बाजार पुढे गेला. मोटारी मागे राहिल्या. त्या आज दहा ते पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत आणि पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशा उतरत उतरत तालुक्याच्या गावातील शिक्षकाच्या किंवा जिल्हा परिषदेतील लिपिकाच्या दारात येऊन उभ्या आहेत.

या मोटारींचे एक दुखणे आता गावोगाव ऐकू येऊ लागले आहे. गाडी घाटात ओढत नाही, पूर्वीचा पिकअप राहिलेला नाही, वेग घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, मागून निळसर धूर निघतो आणि मधूनमधून ऑइल भरावे लागते. अशी गाडी कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात नेली, तर तेथील स्वच्छ सदऱ्यातला सल्लागार संगणकाची तार जोडतो, पडद्यावरचा एक सांकेतिक क्रमांक वाचतो आणि 'टर्बो गेला, पूर्ण बदलावा लागेल' असा निकाल देतो. अंदाजपत्रकाचा आकडा पाच अंकी असतो. कित्येकदा तो त्या गाडीला बाजारात येणाऱ्या किमतीचा चांगलाच मोठा हिस्सा असतो. तीच गाडी नाक्यावरच्या गॅरेजात नेली, तर 'भंगारातला आणून टाकू, साहेब' असे आश्वासन मिळते. एकीकडे न परवडणारे, दुसरीकडे न टिकणारे. या दोहोंच्या मध्ये एक शहाणपणाचा मार्ग आहे, तो तंत्राच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि खर्चाच्या दृष्टीने सुसह्य आहे. तो या गृहस्थाला कोणी दाखवीत नाही, एवढेच नव्हे, तर तो त्याला सापडू नये अशीच आजच्या विक्रीव्यवस्थेची घडण आहे. म्हणून एका यंत्रभागाची ही किरकोळ वाटणारी गोष्ट वर्तमानपत्राच्या या पानावर आणण्याजोगी ठरते.

टर्बोचार्जर हे काही कालचे यंत्र नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंत पुष्कळ शक्ती शिल्लक असते आणि ती धुराड्यातून वाया जाते. त्या वायूंच्या झोताने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चक्राने बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात भरावी, ही त्याची कल्पना. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जाळता येते, म्हणून लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाचे काम होते. प्रारंभी ही युक्ती जहाजांच्या प्रचंड डिझेल इंजिनांत वापरली गेली. प्रवासी डिझेल मोटारीत ती १९७८ च्या सुमारास मर्सिडीज कंपनीने आणली. आपल्याकडे ती घरोघर पोहोचली ती फियाटने विकसित केलेल्या १२४८ घन सेंटिमीटरच्या छोट्या इंजिनामुळे. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या नावांच्या मोटारींत हेच इंजिन होते आणि पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार होत असे. त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या अवतारात साधा टर्बो होता, ९० अश्वशक्तीच्या अवतारात पात्यांचा कोन बदलणारा. या एका इंजिनाने मध्यमवर्गाला डिझेलची सवय लावली, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

या यंत्राची नजाकत आणि त्याचे दुबळेपण ही दोन्ही त्याच्या दांड्यात आहेत. लहान मोटारीतील टर्बोचा दांडा पूर्ण जोरात मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो. ज्या इंजिनाला तो हवा पुरवतो ते त्या वेळी चार हजारांच्या आसपास फिरत असते. एका टोकाला ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापणारे निकेलच्या मिश्रधातूचे चक्र, दुसऱ्या टोकाला ॲल्युमिनियमचे चक्र, आणि मध्ये हा दांडा दोन बुशांत तरंगत असतो. तरंगत असतो हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. धातूला धातू लागत नाही. त्यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका इंजिन ऑइलचा थर असतो आणि सारा भार त्या थरावर. हा थर काही सेकंद जरी तुटला, तरी बुश घासतात, दांडा हेलकावतो, चक्राची पाती घराच्या भिंतीला लागतात आणि खेळ संपतो. स्वतःच्या दोषाने निकामी होणारे टर्बो म्हणूनच थोडे. बहुतेकांचा बळी बाहेरच्या कारणाने जातो: जुने, काजळीने घट्ट झालेले ऑइल, ऑइल आणणाऱ्या बारीक नळीत साचलेला कोळसा, फाटलेल्या एअर फिल्टरमधून आत गेलेली धूळ, किंवा लांबच्या वेगवान प्रवासानंतर इंजिन तत्काळ बंद करण्याची सवय. ही शेवटची सवय तर इतकी सर्रास आहे की, महामार्गावरच्या ढाब्यासमोर उभे राहून कोणीही तिचे निरीक्षण करावे. दांडा अजून तापलेला असतो, ऑइलचा पुरवठा थांबलेला असतो आणि राहिलेले ऑइल जागच्या जागी भाजून निघते.

कारण न शोधता केवळ भाग बदलला की काय होते, याचा धडा युरोपात मिळालेला आहे. पूजो-सिट्रोएन आणि फोर्ड यांच्या सहकार्यातून आलेले १.६ लिटरचे डिझेल इंजिन तेथे लक्षावधी मोटारींत बसले. त्याच्या इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर गळू लागले, की ज्वलनाचे वायू ऑइलमध्ये मिसळत, ऑइलचा चिखल होई आणि टर्बोला जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी तुंबत असे. टर्बो उपाशी मरे. गॅरेजवाले नवा टर्बो बसवीत आणि काही दिवसांत तोही त्याच मार्गाने जाई. शेवटी टर्बो पुरवणाऱ्यांनाच अट घालावी लागली की, ऑइलची नळी बदलली, इंजिनातील चिखल काढला आणि नळीतून ऑइल किती येते ते मोजले, तरच हमी लागू राहील. आपल्याकडील इंजिन निराळे असले, तरी शरीरधर्म तोच आहे. ज्या अंदाजपत्रकात नव्या टर्बोची किंमत आहे. पण ऑइलची नळी, ऑइल, फिल्टर आणि आतील हवेचे मार्ग धुण्याची मजुरी नाही, ते अंदाजपत्रक कितीही अधिकृत असो, अपुरे आहे असे बेलाशक समजावे.

रेड्याचा आजार, पखालीला डाग

परंतु त्याच्याही आधीचा प्रश्न आहे तो टर्बो खरोखरच गेला आहे काय, हा. गाडी ओढत नाही याचा अर्थ इंजिनाला दाबाची हवा मिळत नाही, इतकाच. ती न मिळण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतली बरीचशी टर्बोच्या बाहेरची आहेत. टर्बोकडून इंटरकूलरकडे व तेथून इंजिनाकडे जाणारे रबरी होज पाइप दहा वर्षांत चिरतात. चीर खालच्या बाजूला असेल तर ती वरून दिसतही नाही. टर्बोचा दाब नियंत्रित करणारी निर्वाताची बारीक नळी तडकते. दाब मोजणारा संवेदक काजळीने आंधळा होतो. निकास वायू पुन्हा आत सोडणारी झडप उघडीच अडकून राहते. एअर फिल्टर तुंबलेला असतो. या प्रत्येक बाबतीत संगणकाच्या पडद्यावर 'दाब अपुरा' अशाच अर्थाचा क्रमांक उमटतो. कारण यंत्राला परिणाम कळतो, कारण कळत नाही. तो क्रमांक वाचून थेट टर्बो बदलायला सांगणे म्हणजे रोग रेड्याला आणि डाग पखालीला. फरक इतकाच की, या ठिकाणी डाग देणाऱ्याला पखालीच्या किमतीवर नफा मिळतो.

पात्यांचा कोन बदलणाऱ्या टर्बोत आणखी एक प्रकार आढळतो. शहरातल्या शहरात, कमी वेगाने वर्षानुवर्षे चालवलेल्या गाडीत ही पाती काजळीने जाम होतात. दांडा शाबूत असतो, बुश शाबूत असतात. केवळ पाती हलत नाहीत. कुशल मिस्त्री टर्बो उतरवून, खोलून, काजळी काढून तो पुन्हा बसवू शकतो. तरीही असे टर्बो सरसकट 'गेले' म्हणून बदलले जातात. निळ्या धुराचेही तसेच. टर्बोतून ऑइल येते खरे. पण ऑइल परत नेणारी नळी तुंबली असेल किंवा इंजिनाच्या पोटातील वायू बाहेर सोडणारा मार्ग बंद झाला असेल, तर नव्याकोऱ्या टर्बोतूनही ते येईलच.

खरी परीक्षा फार अवघड नाही. हवेचा पाइप काढावा, आतील चक्र बोटांनी फिरवून पाहावे. दांडा किंचित आडवा हलतो, ते स्वाभाविक आहे. तो ऑइलच्या थरावर तरंगावयाचा असल्याने तेवढी सैल जागा त्याला मुद्दाम ठेवलेली असते. नवशिका फिटर नेमका हाच हेलकावा गिऱ्हाइकाला दाखवून घाबरवतो. दांडा मागेपुढे सरकत असेल, पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, पात्यांची टोके तुटलेली किंवा झिजलेली असतील, तर मात्र टर्बोचे आयुष्य संपले असे मानावे. मग गाडी तशीच दामटण्यात अर्थ नाही, आणि त्याला पैशापलीकडचेही कारण आहे. टर्बोची सील पूर्ण गेली, तर इंजिन डिझेलऐवजी स्वतःचे ऑइलच जाळू लागते. अशा वेळी चावी फिरवूनही ते बंद होत नाही आणि पांढऱ्या-निळ्या धुराच्या लोटात ते स्वतःचा नाश होईपर्यंत धावत सुटते. ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून इंजिन कोंडून बंद पाडणे हा त्यावरचा उपाय प्रत्येक डिझेल गाडीवाल्याला ठाऊक असावा. स्वयंचलित गिअरच्या गाडीत तोही हाताशी नसतो.

आता बदलण्याचा प्रश्न. येथे सेवाकेंद्र आणि भंगारबाजार या दोन टोकांच्या मध्ये किमान दोन वाटा आहेत. पहिली अशी की, मोटार कंपनी टर्बो स्वतः बनवत नाही. जगात ही यंत्रे बनवणारे कारखाने मोजके आहेत, त्यांतील काहींचे भारतातही उत्पादन होते आणि त्यांचे स्वतःचे विक्रेते जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. मोटार कंपनीच्या खोक्यातून येणारा आणि कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यातून येणारा टर्बो पुष्कळदा एकाच साच्यातून निघालेला असतो. वाढीव पैसे द्यावे लागतात ते खोक्यावरच्या मोहरेचे. टर्बोच्या घरावर एक छोटी पट्टी असते आणि तिच्यावर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक वहीत उतरवून घेऊन दोन-तीन ठिकाणी भाव विचारणे, एवढे कष्ट ग्राहकाने घेतले, तरी बरेच काही साधते.

दुसरी वाट अधिक महत्त्वाची. टर्बोची दोन्ही बाहेरची घरे ओतीव धातूची असतात आणि ती सहसा खराब होत नाहीत. बिघडतो तो मधला गाभा: दांडा, दोन चक्रे, बुश आणि सील. या गाभ्याला धंद्यात कार्ट्रिज म्हणतात. तो कारखान्यातच समतोल साधून तयार मिळतो आणि जुन्या घरांत बसवता येतो. त्याची किंमत संपूर्ण टर्बोच्या मानाने बरीच कमी असते. यात जुगाड असे काही नाही. युरोप-अमेरिकेत नूतनीकरण केलेल्या टर्बोंचा मोठा धंदा याच तत्त्वावर उभा आहे आणि मूळ उत्पादकही तो करतात. ग्राहक जुना टर्बो जमा करतो, त्याबद्दल अनामत रक्कम परत मिळवतो आणि हमीसह नूतनीकृत टर्बो घेऊन जातो. आपल्याकडेही मोठ्या शहरांतून टर्बोचीच कामे करणारी दुकाने आहेत. फक्त तेथे एक गोष्ट कसोशीने विचारली पाहिजे. गाभा वेगाने फिरवून समतोल तपासण्याचे यंत्र त्या दुकानात आहे काय, किंवा गाभा तयार समतोलाच्या दाखल्यासह आलेला आहे काय? मिनिटाला दोन लाख फेरे घेणाऱ्या दांड्यात गुंजभर वजनाचा फरकही घातक असतो. नुसते बुश आणि सील बदलून, समतोल न तपासता, 'रिपेअर किट' घातलेला टर्बो म्हणजे उधारीवर घेतलेले काही महिने. पात्यांचा कोन बदलणारा टर्बो असेल, तर पात्यांची किमान मर्यादाही यंत्रावर लावून घ्यावी लागते. ते न करता दिलेली गाडी कधी सुस्त धावते, कधी सारखा इशाऱ्याचा दिवा दाखवते.

भंगारबाजाराबद्दल कुत्सितपणे बोलण्याचे कारण नाही. मुंबईत कुर्ल्याच्या गल्ल्यांतून हजारो गाड्या चालत्या राहिल्या आहेत आणि ज्या देशात वस्तू फेकून देण्याची चैन परवडत नाही, तेथे तो बाजार एक प्रकारची लोकसेवाच करतो. दरवाजा, आरसा, दिवा, फार तर गिअरबॉक्स भंगारातून घ्यावा. टर्बोचे मात्र तसे नाही. तो कोणत्या कारणाने उतरवला गेला, किती धावला, त्याच्या पोटातील ऑइलचा इतिहास काय, हे बाहेरून दिसत नाही. शिवाय टर्बो काढून बसवण्याची मजुरी थोडी नसते आणि ती टर्बो नवा असो की जुना, सारखीच पडते. सहा महिन्यांनी हेच काम पुन्हा करावे लागले, तर वाचलेले पैसे मजुरीत जातात आणि दुसरे ऑइल, दुसरे फिल्टर, दुसरी रजा हे वर. अत्यंत स्वस्त, नामसदृश खोक्यांतून येणाऱ्या नकली मालाबद्दल तर अधिक लिहिण्याची गरजच नाही. बाहेरून तो हुबेहूब असतो. परंतु तप्त वायूंत टिकणारा मिश्रधातू स्वस्तात मिळत नाही, हा धातुशास्त्राचा नियम कोणत्याही दुकानदाराला मोडता येत नाही.

बसवतानाची काळजी थोडक्यात सांगता येते. ऑइलची नळी नवी, ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे, दोन्ही फिल्टर नवे, इंटरकूलरमध्ये साचलेले जुने ऑइल धुऊन काढलेले, टर्बोच्या तोंडात आधी स्वच्छ ऑइल ओतलेले, आणि इंजिन प्रथम सुरू झाल्यावर काही मिनिटे ॲक्सिलरेटरला पाय न लावता चालू ठेवलेले. यांतील एकही गोष्ट महाग नाही. यांतील एकही गोष्ट घाईच्या गॅरेजात होत नाही.

ग्राहकाची बाजू मांडताना त्याचा दोष झाकण्याचेही कारण नाही. गाडी घेताना लाखांचे कर्ज काढणारा मनुष्य ऑइल बदलण्याच्या वेळी मात्र 'अजून हजार किलोमीटर चालेल' असे म्हणतो. हप्ता चुकला तर बँकेचे पत्र येते. ऑइल चुकले तर पत्र येत नाही, म्हणून ते चुकते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या हातची गाडी घेणारे कितीजण सर्व्हिसिंगची पावती मागतात? रंग, टायर आणि म्युझिक सिस्टीम पाहून सौदा होतो. अशा गाडीचे इंजिनच जर ऑइल खाऊ लागले असेल, तिचा चॅसिस गंजला असेल, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊन नोंदणीचे नूतनीकरण दारात आले असेल, तर टर्बोवर खर्च करण्यापूर्वी शांतपणे हिशेब केला पाहिजे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा व्यवहार भावनेपोटी अनेक घरांत होतो. परंतु इंजिन धडधाकट असेल, तर केवळ टर्बोपायी गाडी मातीमोल किमतीला काढणे हाही तितकाच आतबट्ट्याचा व्यवहार आहे, आणि दलालांना तो पक्का ठाऊक असतो.

नियम आहेत, अंमल नाही

हे सारे ठीक. पण गाभा मिळतो, तो बसतो, तो टिकतो, तर सेवाकेंद्रात त्याचे नावही का निघत नाही? उत्तर सरळ आहे. मोटार कंपन्यांच्या सुट्या भागांच्या यादीत टर्बो हा बहुधा एकच, अखंड भाग असतो. त्याचा गाभा वेगळा विकावयाचा नाही, असे एकदा ठरले की सेवाकेंद्रातील फिटरला इच्छा असूनही काही करता येत नाही. पंप, गिअरबॉक्स, दिव्यांचा संच अशा अनेक बाबतींत हेच धोरण दिसते. भाग जितका मोठा, तितकी विक्री मोठी. शिवाय दुरुस्तीला कौशल्य लागते आणि बदलायला पाना पुरतो. कौशल्यवान माणूस ठेवण्यापेक्षा खोके ठेवणे धंद्याला सोयीचे असते.

या प्रवृत्तीवर भारतात एकदा फार मोठा आघात झाला होता, याची आठवण आज कोणाला राहिलेली दिसत नाही. शमशेर कटारिया या ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे खुल्या बाजारात मिळू न देता या कंपन्यांनी दुरुस्तीच्या धंद्यात स्पर्धाच उरू दिलेली नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही उपलब्ध करा. केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून हमी सरसकट रद्द करू नका, असे आदेशही आयोगाने दिले. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दोष कायम ठेवला. दंड मात्र सुट्या भागांच्या उलाढालीपुरताच मोजावा असे ठरवून तो पुष्कळ खाली आणला. पुढील वाटचाल न्यायालयांच्या दालनांतून झाली. दंडाची रक्कम वाचून त्या वेळी ज्यांना आनंद झाला, त्यांच्या गाड्या त्या काळात नव्या होत्या. आज त्या जुन्या झाल्या आहेत आणि अंदाजपत्रकावर अजूनही एकच ओळ असते: टर्बो, संपूर्ण.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटारीच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये याच हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व विद्युत उपकरणे, घरगुती वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे त्यात घेतली. हेतू स्तुत्य होता. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने आपखुशीने जी माहिती द्यावी तीच त्यावर असणार, आणि ग्राहकाला हवी असते नेमकी ती माहिती, जी कंपनी आपखुशीने देत नाही.

कंपन्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. टर्बो हा धूर आणि सुरक्षितता यांच्याशी निगडित भाग आहे. कोणीही कोठेही तो उघडून बसवला, तर प्रदूषण वाढेल, अपघात होतील आणि बोल आमच्या नावाला लागेल, असे ते सांगतात. यात तथ्य नाही असे नाही. समतोल न साधलेल्या टर्बोची कथा वर आलीच आहे. पण हा युक्तिवाद शेवटी कंपन्यांच्याच विरुद्ध जातो. अधिकृत गाभा योग्य किमतीत, योग्य माहितीसह मिळत नाही, म्हणूनच गिऱ्हाईक भंगार आणि नकली माल यांच्याकडे ढकलला जातो. काळा धूर सोडत धावणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांचे मालक बेपर्वा नसतात. त्यांना सांगितलेला आकडा त्यांच्या आवाक्याबाहेरचा असतो, एवढेच. तो आकडा निम्म्यावर आला, तर धूरही कमी होईल आणि गाडीही काही वर्षे निर्धास्त चालेल. नवी गाडी तयार करण्यास लागणारे लोखंड, वीज आणि पाणी वाचते, हा लाभ तर हिशेबात धरलाच जात नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत मोटारींच्या सुट्या भागांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या गाडीच्या मालकाला हा दिलासा खराच. परंतु अनावश्यक मोठ्या भागावरचा कर कमी होण्यापेक्षा तो भागच घ्यावा न लागणे अधिक मोलाचे. त्यासाठी सरकारने फार काही अपूर्व करण्याची गरज नाही. टर्बोसारख्या भागांचे उपभाग स्वतंत्र क्रमांकाने आणि छापील किमतीने विकण्याचे बंधन घालावे. मोठा भाग बदलण्यापूर्वी निदान लेखी द्यावे, कोणत्या चाचण्या केल्या आणि त्यांत काय आढळले हे त्यात लिहावे, अशी सक्ती सेवाकेंद्रांवर असावी; डॉक्टर शस्त्रक्रियेपूर्वी कागद देतो, त्याहून ही अपेक्षा मोठी नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या मुलांना टर्बो खोलण्याचे आणि तपासण्याचे काम प्रत्यक्ष हाताखालून जाईल इतके तरी सराव-साहित्य मिळाले पाहिजे. जिल्ह्याच्या एखाद्या तंत्रनिकेतनात समतोल तपासण्याचे एक यंत्र असले आणि परिसरातील गॅरेजवाल्यांना ते माफक दराने वापरता आले, तर तालुक्याचा मिस्त्री हे काम करण्यास समर्थ आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या लेथवर काम करणाऱ्या माणसांच्या हाती याहून नाजूक कामे झालेली आहेत.

आणखी एक मागणी वरवर क्षुल्लक भासेल. बदललेला जुना टर्बो ग्राहकाला दाखवून त्याच्या ताब्यात देण्याचा नियम काटेकोर पाळला गेला पाहिजे. आज बहुतेकजण तो मागत नाहीत. मागितला तर 'ते भंगार घेऊन काय करणार?' असे विचारले जाते. त्या भंगाराची दोन्ही घरे शाबूत असतात, नवा गाभा घालून तोच टर्बो पुन्हा दुसऱ्या गाडीत जाऊ शकतो आणि टर्बोचे काम करणारी दुकाने त्यासाठी रोख पैसे मोजतात. ते पैसे कोणाच्या खिशात जातात, हे गिऱ्हाइकाने पुढच्या वेळी काउंटरवर उभे राहून अवश्य विचारावे.